न उघडता लिहिलेलं ‘बरोबर’

अंबरपेठ, हैदराबाद
११ जुलै २०१६

जयवंता, जय भीम.

वर चिरंजीव, शुभाशीर्वाद असलं काही घातलं नाही. तेवढं वाचूनच तू पत्र फाडलं असतंस. माझा फोन तू उचलत नाहीस. परवा सूर्यभान दाजींच्या फोनवरून लावला, तर पहिल्याच रिंगला “हां, बोला” म्हणालीस आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. बरं बाई. आता पत्र.

मायचं बरं आहे. गुडघे दुखतात, तोंड चालतं. रोज विचारते, “जयी कधी येणार?” मी म्हणतो, विजयवाडा काय लांब आहे, बसनं सहा तास. तर म्हणते, “लांब नाही तर मग येत कामून नाही?” काय सांगू तिला?

वर्षभर आपण एकाच इमारतीत होतो. राज्याचे दोन तुकडे झाले तसे आपल्या खात्याचेही झाले. मी दुसऱ्या मजल्यावर तेलंगणात, तू तिसऱ्यावर आंध्रात. लिफ्टमध्ये मी भेटेन म्हणून तू जिना चढायचीस, ते मला माहीत होतं. तरी संध्याकाळी तू मलकपेठला आपल्या घरी जायचीस, हे तरी होतं. आता जूनमध्ये तुमचं ऑफिसच उचलून विजयवाड्याला नेलं. तू तिथं एका खोलीत, नवरा आणि लेक इथं. लेक दहावीला. याचं मला काही वाटत नाही असं समजू नकोस.

पण म्हणून मी खोटं बोलू का? मागच्या वर्षी मार्चमध्ये तू माझ्या टेबलासमोर उभी राहून सगळ्यांदेखत विचारलंस, “दादा, माझ्या सेवापुस्तकात शाळेचा दाखला होता. तो कुठं गेला?” तेव्हा जे सांगितलं तेच आज लिहितो. तुझी असल फाईल आणि कोण कुठल्या राज्यात हे ठरवणाऱ्या वाटपाच्या समितीकडे गेलेली तिची नक्कल, दोन्ही यादीत जुळतात. पुढं ‘बरोबर’ लिहून माझी सही आहे. चौथी ते दहावी तू हैदराबादेत शिकलीस याचा कागद समितीला दिसला नाही, पहिली नेमणूक गुंटूरची होती, म्हणून त्यांनी तुला तिकडची धरली. यात माझा काय दोष? तूच दिला नसशील. माणूस विसरतो. एकोणीस हजार फाईलींची यादी आहे ती, आणि आजपर्यंत कोणी बोट दाखवलेलं नाही.

समिती डिसेंबरअखेरपर्यंत तक्रारी घेणार आहे म्हणे. दाखल्याची दुसरी प्रत शोध. गौलीगुड्याची आपली शाळा बंद पडली, तिथं आता प्लास्टिकच्या बादल्यांचं गोदाम आहे, हे मलाही माहीत आहे. तरी शोध.

दौलत


अंबरपेठ
७ ऑगस्ट २०१६

जयवंता, जय भीम.

पत्र परत आलं नाही, म्हणजे मिळालं. उत्तर नाही, तेही मिळालं.

काल दाजी येऊन गेले. लेकीला सकाळी डबा करून देतात, रोज बटाटा. चहा घेता घेता म्हणाले, “तुमच्या बहिणीला एक कागद सांभाळता आला नाही, आणि भोगायलोय आम्ही.” मायनंही त्यांचीच री ओढली. म्हणाली, पोरगी लहानपणापासून धांदरटच. मी बिस्किट बुडवत बसलो. ते चहातच गळून पडलं.

तुला एकदा नीट सांगतो, म्हणजे तुझ्या डोक्यातून जाईल. तू हसायचीस ना, “दादाचं ठशांचं काम” म्हणून? तर ऐक. २०१४ साली आमच्या लक्ष्मणराव साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, फाईली सगळ्या स्कॅन झाल्यात, समितीला नक्कल द्यायची आहे, ती असलबरहुकूम आहे हे दोन्ही बाजूंना कसं पटवायचं? मी म्हणालो, हॅश. प्रत्येक फाईलीचा एक ठसा निघतो, आकडे आणि थोडी अक्षरं मिळून एक ओळ. एक पान इकडचं तिकडं झालं तर ओळ साफ बदलते. असलचा ठसा काढायचा, नक्कलचा काढायचा, जुळवायचे. संपलं.

ठसे काढायच्या पद्धती बऱ्याच. मी शा-२५६ मागितली होती, हे तू कुठंतरी लिहून ठेव. चौसष्ट अक्षरांचा ठसा. साहेब म्हणाले, “इत्ता लंबा कौन पढेगा, दौलत?” रजिस्टरचा रकाना दोन बोटांचा, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या होणार, म्हणजे डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे. मग एमडी-५ काढली, बत्तीस अक्षरं. तीही रकान्याबाहेर. शेवटी सीआरसी-३२. आठच अक्षरं. ती पद्धत मूळची वायरीतून जाताना काही सांडलं का ते बघायची. मुद्दाम लबाडी करणाऱ्यापुढं ती टिकत नाही, पण आपोआप तुटलेली फाईल पकडते, आणि आम्हाला तेवढंच पाहिजे होतं. आमच्या जुन्या मशिनींवर पळायचीही पटपट. चुकीची निवड म्हणता येणार नाही. त्या वेळच्या मानानं नाही.

जुळवणीही मशीनकडून करू म्हणालो, तर समोरच्या, आंध्राच्या बाजूचे केशवराव म्हणाले, मशीन तुमची, प्रोग्राम तुमचा, आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? तेव्हा मी म्हणालो, मग मुकाबला करू. आपल्या बापाचा शब्द. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा बापानं, दफ्तरी नागोरावांनी, औरंगाबादला जाणाऱ्या कागदांचा असाच मुकाबला केला होता. एकानं असल मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं नक्कलवर बोट ठेवून बघायचं. सगळ्यांना पटलं. मी वाचायचो, केशवराव बघायचे. मला केवढा अभिमान वाटला असेल सांग. बाप दफ्तरांचे गठ्ठे उचलायचा, आणि त्याच्या पोरानं मोठ्यानं वाचलं की दोन राज्यं खूण करतात.

मायच्या पाठीला लावायचं तेल संपलं. तू कुठल्या दुकानातून आणायचीस?

दौलत


अंबरपेठ
१४ ऑक्टोबर २०१६

जयवंता, जय भीम.

दसऱ्याला मायला घेऊन विहारात गेलो होतो. सगळ्यांनी तुझं विचारलं. आणि त्याच दिवशी सरकारनं नवे जिल्हे केले, दहाचे एकतीस. म्हणजे आमच्या नशिबी पुन्हा फाईलींची वाटणी. साहेब म्हणाले, “वहीच पुराना तरीका, दौलत. आठ अक्षर, रजिस्टर, मुकाबला.”

मी नाही म्हणालो. तोंडावर. आयुष्यात पहिल्यांदा.

या वेळी शा-२५६च घ्यायची म्हणालो. एमडी-५मध्ये दोन वेगळ्या फाईलींचा एकच ठसा मुद्दाम बनवता येतो हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे, शा-१चंही कधी तसं होईल सांगता येत नाही. लोकांच्या नोकऱ्यांचे कागद आहेत, तिथं कंजुषी कशाला? राहिलं साधन. नव्या मशिनींत विंडोजची स्वतःची सोय आहे, पण ती एकेका फाईलीची. एकोणीस हजार वेळा कोण बसणार? हॅशडीप म्हणून एक फुकट साधन मिळतं. त्याला अख्खा फोल्डर दाखवायचा, तो ठशांची यादी करतो. मग दुसरा फोल्डर दाखवून ‘तपास’ म्हणायचं, न जुळणारे तेवढे तो वेगळे काढून देतो. त्यात रकाना लागत नाही, वाचायला माणूस लागत नाही. साहेब कुरकुरले, पण चाचणी घ्या म्हणाले.

चाचणीसाठी हाताशी काय होतं? आपली असल, आणि समितीकडून परत आलेली २०१४ची नक्कल. जेवणाच्या सुट्टीत लावून ठेवलं. परत येऊन बघतो तर एक्केचाळीस फाईली जुळत नाहीत.

त्यात तुझी आहे.

असलमध्ये एकतीस पानं. नक्कलमध्ये चौदा, पुढं फाईल तुटलेली. दाखला बाविसाव्या पानावर आहे. गौलीगुड्याच्या शाळेचा गोल शिक्का, हेडमास्तरांची जांभळ्या शाईतली सही. मी डोळ्यांनी बघितला. तू दिला होतास, जये.

मला हे आजच कळलं. नक्कल करताना केबल ढिली झाली असणार, मशीनची चूक. साहेबांशी बोलतो. मायला अजून सांगितलं नाही, आधी पक्कं होऊ दे.

दौलत


अंबरपेठ
२३ ऑक्टोबर २०१६

जयवंता,

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. “मला हे आजच कळलं.”

मला गेल्या वर्षीच्या मार्चपासून माहीत होतं. तुझ्या फाईलीचं. बाकीच्या चाळीसांचं माहीत नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं.

तू त्या दिवशी ओरडून निघून गेलीस, मी सगळ्यांसमोर हसलो, म्हणालो बहीण आहे, रागावली. मग कपाट उघडून रजिस्टर काढलं. तुझी ओळ सापडली. असलचा ठसा बी-सातनं सुरू होतो, नक्कलचा पाच-एनं. एका जागेचं अक्षर दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. आणि त्यांच्या पुढं माझ्या हातचं ‘बरोबर’, खाली सही. मी रजिस्टर बंद केलं, कपाटाला कुलूप घातलं आणि जिन्यात तुला गाठून सांगितलं, “यादी जुळते, तूच दिला नसशील.” तुझा चेहरा कसा झाला होता ते मला अजून दिसतं.

असं ‘बरोबर’ पडलं कसं, तेही सांगतो. असलची यादी मी साधी छापली होती. नक्कलची यादी केशवरावांच्या ऑफिसातून एक्सेलमधून छापून यायची. एक्सेलला आकडा दिसला की त्याचे हात शिवशिवतात. ठशाच्या सुरुवातीची शून्यं खाऊन टाकायचं, मध्ये एखादं ई आलं की भलताच मोठा आकडा समजून त्याचं रूपच पालटायचं. पहिल्या पाच दिवसांत केशवराव साठ वेळा म्हणाले, “नहीं मिला.” साठही वेळा मी उठलो, दोन्ही फाईली उघडल्या, पानं मोजली. साठही वेळा फाईल धड, एक्सेलचा चावटपणा. सहाव्या दिवसापासून मी उठणं बंद केलं. ते म्हणायचे “नहीं मिला”, मी म्हणायचो “एक्सेल का है, चलने दो”, आणि ‘बरोबर’ लिहायचो. रजिस्टरकडे बघायचोही नाही. सहाव्या दिवशी दुपारी तर ते लागोपाठ म्हणत होते, नहीं मिला, नहीं मिला. एक्सेल असं ओळीनं चुकत नाही, तेव्हाच डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. मला त्यांचा राग आला. वाटलं, हा माणूस मुद्दाम छळायलाय.

चौसष्ट अक्षरांचा ठसा घेतला असता तर एक्सेलनं त्याला आकडा समजलंच नसतं. खोटं “नहीं मिला” आलंच नसतं, आणि खरं आलं असतं तेव्हा मी खुर्चीतून उठलो असतो. अगं, नुसता फाईलीचा आकार बघितला असता तरी कळलं असतं. अर्धी फाईल! साहेबांना रकान्यात मावणारं पाहिजे होतं आणि मला साहेबांना खूश करायचं होतं. एवढीच त्या निवडीची कथा आहे. मागं जे त्या वेळच्या मानानं वगैरे लिहिलं ते सोडून दे.

आणि मार्चमध्ये खोटं का बोललो? एक कबूल केलं असतं तर न उघडता लिहिलेली सगळीच उघडी पडली असती. ऑफिसात त्या यादीला माझ्या नावानं ‘सोनकांबळेंची यादी’ म्हणतात. आणि आपल्यातल्या एकानं चूक केली की ती त्या एकट्याची राहत नाही, सगळ्यांच्या नावावर जाते, हे तुला मी सांगायला नको. हे कारण खरं आहे. मी त्याच्यामागं दडून बसलो, तेही खरं आहे. बहिणीला घरातून काढून दिलं, पण सहीला डाग लागू दिला नाही. लाज वाटते.

मायला काल सांगितलं. तिनं निवडायला घेतलेलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “दीड वर्ष तू माझ्या तोंडून माझ्या लेकीला शिव्या घालवल्यास.” तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते आणि आत जाऊन बसते.

दौलत


अंबरपेठ
१३ नोव्हेंबर २०१६

जयवंता, जय भीम.

चांगली बातमी आहे, म्हणून आधी तीच.

साहेबांना सगळं सांगितलं. पेपरवेट फिरवत ऐकत होते. म्हणाले, “बहन का है ना? एक फाईल की गलती लिख के देव. नजरचूक बोलके.” समितीतल्या कोणाशी तरी माझ्यासमोरच फोनवर बोलले. असलमधली एकतीस पानं प्रमाणित करून पाठवायची, मी एका ओळीची चूक कबूल करायची, की तीन आठवड्यांत तुझा परतीचा हुकूम. मला फार तर ताकीद. तू डिसेंबरमध्ये घरी येशील जये, लेकीच्या परीक्षेच्या आधी.

मी विचारलं, “और बाकी चालीस, सर?” तर म्हणाले, “उनो आके पूछे क्या? नई पूछे ना? फिर कायकू? एक लिखे तो गलती बोलते, इकतालीस लिखे तो पूरा बँटवारा फिर से खुलता. तेरी बहन का बी उसमेच अटकता.” खोटं नाही ते. सगळ्यांचं लिहिलं तर सगळी प्रकरणं एकत्र बांधतील आणि मग किती महिने, कोण जाणे.

दाजींना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “मी तिला काय काय बोललो.” तुला फोन करतो म्हणाले, पण केला नसेल.

अजून कागद दिलेला नाही. सोमवारी नाही तर मंगळवारी देतो. पोस्टात नोटा बदलणाऱ्यांची रांग रस्त्यापर्यंत आहे, हे पत्र ऑफिसच्या माणसाजवळ देतो, म्हणजे लवकर पोचेल. यावर तरी काही लिही.

दौलत


विजयवाडा
२१ नोव्हेंबर २०१६

दादा,

पाचही पत्रं आली. फाडायची होती, फाडली नाहीत.

चौथं वाचलं त्या दिवशी ऑफिसला गेले नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, कोणी गेलं का? नाही म्हणाले.

वीस महिने मी काय केलं सांगू? दाखला शोधला. ट्रंक उपसली, मायची पेटी उपसली, लग्नाच्या अल्बमचा पुठ्ठा फाडला, मागं सरकला असेल म्हणून. मग वाटायला लागलं, दिलाच नसेल. झेरॉक्सच्या दुकानात विसरला असेल. ते दुकान स्वप्नात यायचं. आता मी घराला कुलूप लावून जिना उतरते आणि परत चढून कुलूप ओढून बघते. कधी तीनदा. नवरा हलगर्जी म्हणाला, ऐकून घेतलं. लेक म्हणाली, “मम्मी, तू ना आल्वेज विसरतेस.” तेही ऐकून घेतलं. कारण तू सांगितलं होतंस. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर भांडले असते. तू सांगितलंस म्हणून खरं मानलं.

हुकूम आला तर मी येणार. नको म्हणण्याएवढी मी मोठी नाही. माझी लेक दहावीला आहे आणि बाप तिला रोज बटाटा देतो.

पण दादा, चाळीस घरांत आत्ता कोणीतरी ट्रंक उपसत असेल. कोणाची तरी बायको म्हणत असेल, तुम्हाला एक कागद सांभाळता आला नाही. त्यांना कोण सांगणार आहे? तू तर पत्रात लिहितोस, ते विचारायला आले नाहीत. मी आले होते ना विचारायला. काय सांगितलंस?

सगळ्यांचं लिहिलंस तर माझा हुकूम अडेल, हे कळतं मला. म्हणून तू माझ्याकडे बघायलास. मी हो म्हणून लिहून देणार नाही आणि नाही म्हणूनही नाही. तुझं तू ठरव.

मायला सांग, तेल मलकपेठच्या रेल्वे फाटकाजवळच्या आयुर्वेदिक दुकानात मिळतं. हिरव्या झाकणाचं.

जयवंता


अंबरपेठ
४ डिसेंबर २०१६

जये,

तुझं पत्र मी मायला वाचून दाखवलं. तिनं ते माझ्या हातातून घेऊन स्वतःजवळ ठेवलं. तिला वाचता येत नाही, तरी.

चार दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फाईली उघडल्या. पान पान. कोणाचा शाळेचा दाखला तुटलेल्या भागात राहिलेला, कोणाचं रहिवासाचं पत्र, एका बाईंची नवरा इथं नोकरीला असल्याची विनंती. अकरा जणांचं काही बिघडलं नाही, त्यांचे महत्त्वाचे कागद आधीच्या पानांत होते. तीस जणांचं बिघडलं. तुला धरून तीस. नाव, पान क्रमांक, काय राहिलं, सगळं लिहिलं. वर लिहिलं की सहाव्या दिवसापासून मी एकही फाईल न उघडता ‘बरोबर’ लिहिलं, आणि मार्च २०१५ मध्ये कळूनही दडवलं. दोन प्रतींत आवक खिडकीवर दिलं आणि शिक्का मारून घेतला, म्हणजे कोणाला ड्रॉवरमध्ये टाकता येऊ नये.

साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत. साहेबांच्या नुसत्या शब्दावर तुझा हुकूम टाईप होऊन आलेला होता, फक्त सही राहिली होती. मी तुझं नाव वाचलं त्यावर. त्यांनी तो माझ्या डोळ्यांदेखत फाईलीतून काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “अब सब का एक साथ होता. छे महीने. शायद जादा.” मग मला मेमो दिला. सर्व्हरच्या खोलीची चावी घेतली, सही करायचा अधिकार काढला. चौकशी बसेल. आता मी आवक खिडकीमागं बसतो आणि लोकांच्या अर्जांवर शिक्के मारतो.

तुझ्या लेकीची परीक्षा तुझ्याविना होणार. हे मी केलं. पहिल्या वेळी न बघता केलं, या वेळी बघून केलं, आणि तुला जे भोगावं लागतं ते तेवढंच आहे. माफ कर म्हणायला तोंड नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातून मलकपेठला जातो, लेकीचं गणित घेतो. माय सोबत भाजी देते. बटाटा बंद आहे.

बाकीच्यांना खातं इतक्यात काही कळवणार नाही. निकाल लागेपर्यंत गुप्त म्हणे. म्हणजे अजून सहा महिने त्यांनी ट्रंका उपसायच्या. मी पत्ते उतरवून घेतले आहेत. तेही नियमाबाहेर आहे, कळलं तर आणखी एक मेमो. मिळू दे.

तुझा दादा


अंबरपेठ, हैदराबाद
११ डिसेंबर २०१६

श्री. एकनाथराव यांस, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. आपण एकाच खात्यात होतो. तुमच्या सेवापुस्तकात मराठी शाळेचा दाखला आहे, म्हणून मराठीत लिहितो. बाकीच्यांना तेलुगूत लिहावं लागेल आणि माझं तेलुगू बोलण्यापुरतं आहे, म्हणून सुरुवात तुमच्यापासून करतो.

२०१४ साली तुमच्या फाईलीची जी नक्कल वाटपाच्या समितीला गेली, ती तपासून ‘बरोबर’ लिहिणारा माणूस मी. ती बरोबर नव्हती. असलमध्ये अठ्ठावीस पानं आहेत, समितीला अकराच मिळाली. मी फाईल न उघडता सही केली. ती चूक माझी आहे, तसं मी खात्याला लिहून दिलं आहे. त्याची प्रत सोबत आहे, ती घेऊन तुम्ही डिसेंबर संपायच्या आत समितीकडे अर्ज करू शकता. अर्जात माझं नाव खुशाल घाला.

बदलीच्या गावी जाणं जमलं नाही म्हणून तुम्ही गेल्या वर्षी मुदतीआधी नोकरी सोडलीत, हे सेवापुस्तकाला मागून जोडलेल्या तुमच्या कागदावरून कळलं. त्या कागदात तुम्ही लिहिलं आहे, ‘दाखला देण्यात माझ्याकडूनच काही हयगय झाली असावी.’ तुमची काहीही हयगय झालेली नाही. बोधनच्या शाळेचा दाखला तुम्ही वेळेत दिला होता. तो एकोणिसाव्या पानावर आहे, मी डोळ्यांनी बघितला.

हे पत्र घरच्यांनाही वाचून दाखवा.

दौलत नागोराव सोनकांबळे